देलमीरानं ठेवून घेतलेलं पोर

देलमीरा माझी शेजारीण. बोलोन्याच्या वरच्या डोंगरात आमचं गाव. शहरातल्या अनाथालयातली टाकलेली पोरं आमच्या बायका अंगावर पाजायच्या. उजवी बाजू आपल्या लेकराला, डावी परक्याला, अशी रीत. म्हणजे परक्याचं दुखणं घरात शिरत नाही म्हणे! कुणा शहाणीनं काढली होती देव जाणे.

देलमीरानं रीत पाळली. तिच्याकडे आलेल्या सेवेरोच्या तोंडात फोड होते. अनाथालयाचा डॉक्टर म्हणाला होता, "तोंड आलंय, मध लावा." पुढे तिच्या डाव्या बाजूला फोड उठला. दुखत नव्हता, म्हणून तिनं लक्ष दिलं नाही. मग तिच्या तान्ह्या लेकीच्या ओठांवर उठलं, अंगभर पसरलं आणि पोर गेली.

ती गरमी होती, परक्या अंथरुणातून येणारी; आम्ही तिला फ्रेंच रोग म्हणायचो. फ्रेंच लोक नेपल्सचा म्हणतात. आपल्या घरचा आहे असं कुणीच म्हणत नाही.

तिचा नवरा ओरेस्ते हिवाळाभर कोळसा पाडायला मारेम्माच्या रानात होता. धुण्यावर बायकांची तोंडं सुटली, "नवरा रानात, मग हिला हे दिलं कुणी?" तो परतल्यावर त्याच्याही कानावर गेलंच.

वसंतात डॉक्टर खेचरावरून आला.

"पोर परत दे. तुझी लेक तापानं गेली असं मी गावात सांगतो. तुझी अब्रू राहील."

"ह्याला पाजणार कोण?"

"पलीकडच्या खोऱ्यात बायका पुष्कळ आहेत."

"ह्याला काय झालंय ते सांगाल तिला?"

"सांगितलं तर पाजेल का ती?"

ओरेस्ते ओरडला, "देऊन टाक गं! आपली पोर खाल्ली त्यानं."

"खाल्ली. मलाही खाऊन झालंय. आता तिसरी कशाला?"

"ठेवलंस तर लोक म्हणतील, पोर तुझंच आहे."

"म्हणू देत."

तिनं पोराला शालीखाली घेतलं. डॉक्टर गेला. दुसऱ्या दिवशी ओरेस्तेही गेला, तो पुन्हा आला नाही. एवढ्या मोठ्या मनाची बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि गावानं तिला विहिरीवर घागर भरू दिली नाही. मला अजून चीड येते.

सेवेरो पुढच्या थंडीत गेला. कुठं पुरायचं, असं पाद्रीबाबांनी विचारलं.

"माझ्या लेकीशेजारी," देलमीरा म्हणाली.

मागे उभ्या असलेल्या बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. "बघा! आम्ही सांगत नव्हतो?"