प्राचीला मीच येऊ दिलं नाही

आमचा श्रीधर आज सकाळी गेला. आणि त्याची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी त्याला शेवटचं बघायला आली नाही.

मीच तिला येऊ दिलं नाही.

श्रीधर माझ्या बहिणीचा मुलगा. कॉलेजपासून कसब्यात माझ्याकडेच राहिला. बरोबरीचे सगळे हिंजवडीला कंपन्यांत चिकटले. हा मात्र लॅबमध्ये.

माझं शिक्षण बेताचं. त्याला छळून छळून मी शिकले.

"अगं मावशी, ग्राफीन म्हणजे कार्बनचा एकच थर. त्यावर प्लॅटिनमचे कण बसवायचे. मूठभर अणूंचा एक कण."

"आणि त्याचं काय लोणचं घालायचं?"

"गाडीच्या धुरातला विषारी वायू त्यावर सोडायचा. कण त्याचं विष उतरवतात का ते बघायचं. खऱ्या गाडीत इतकी भानगड असते की कोण काय करतं कळत नाही. म्हणून हे साधं मॉडेल. फक्त कण एकमेकांना चिकटता कामा नयेत."

"म्हणजे बुंदी सुटी हवी. लाडू झाला की संपलं."

"मावशी, माझा पेपर तूच लिही!"

काल अशा कणांचा नवा नमुना तयार झाला. हवा काढून टाकलेल्या पेटीतसुद्धा तो फार वेळ स्वच्छ राहत नाही. मशीनवर मोजायला बसलं की उठायचं नाही.

हॉस्पिटलमध्ये नाकात नळी, तरी विचारत होता, "प्राची बसली का?"

तेच शेवटचं.

तो गेल्याचं कळताच प्राचीचा फोन आला. रडत होती. "मावशी, मी निघते."

"मशीनपाशी दुसरं कोण आहे?"

"कोणीच नाही."

"मग हलू नकोस तिथून."

इकडे भावजय सगळ्यांसमोर म्हणाली, "एरवी सर, सर करायची. आज वेळ नाही वाटतं मिळाला?"

मी श्रीधरवरची फुलं नीट करत राहिले.

लाइट गेले तर? हातात काहीच नाही आलं तर? या पोरीला मी कशाला मुकवलं?

स्मशानातून माणसं परतली, तरी फोन नाही. मी लावला नाही. धीरच होईना.

दिवेलागणीला ती दारात उभी.

"मावशी, निम्मे चिकटले."

"आणि उरलेले?"

"काम करतायत. मी बघितलं."

मग मात्र तिला रडू आवरेना.

शेजारच्यांनी पिठलं-भात आणून ठेवला होता. मी तिला जवळ बसवून दोन घास भरवले. भावजयीनं काही न बोलता पाणी दिलं.

श्रीधर, तुझ्या तिरडीपाशी ती नव्हती रे. तुझ्या खुर्चीत होती.

जा बाळा. सुखानं जा.