सातव्या महिन्याची ओटी

माझ्या सासरी नवऱ्याला भरती-ओहोटी पाठ होती आणि सासूला सुनेचे दिवस. मी कधी बाहेर बसणार, कधी नहाणार, हे ती चुलीपुढे बसून बोटांवर मोजायची. आम्ही कोळी. होडी आणि जाळी आमच्याकडे देवासारखी, बाहेर बसलेल्या बाईची सावलीसुद्धा जाळ्यावर पडलेली चालत नसे. म्हणून परसात झावळ्यांचं एक खोपटं होतं, तिथे तीन दिवस काढायचे. खाली ओल, कुडाला पाली, आणि पलीकडे बोंबील धुतलेलं पाणी साचलेलं असायचं. त्या वासानं तेव्हा मला भडभडून यायचं, आणि आज म्हातारपणी हे लिहितानाही तोंडात तेच मळमळीचं पाणी येतंय.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या साली मी लग्न होऊन मुरुडच्या अलीकडच्या त्या गावात आले. पंधरा-सोळा वर्षांची असेन. माहेरीही माझी पाळी लहरी होती. दोन-दोन, चार-चार महिने पत्ता नाही, आणि आली की थांबायचं नाव नाही. हनुवटीवर राठ केस यायचे, ते मी चुलीतली राख लावून उपटायची. आईने मला यावर एकच औषध सांगितलं होतं, "कुनाला सांगू नुको." मी सांगितलं नाही.

सासरी पहिले काही महिने कसेबसे निभले. मग सलग तीन महिने मी खोपट्यात गेले नाही. सासूने बोटं मोजली, पुन्हा मोजली, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. माशाची पाटी माझ्या डोक्यावरून उतरली. ताटात तळलेल्या तुकड्या आल्या, वर गूळ-खोबरं आलं. मी बसून खाल्लं आणि अंगानं सुटले. पोट पुढे आलं तशा शेजारणी यायच्या आणि पोटाचा आकार बघून मुलगी की मुलगा ते ठरवून जायच्या.

आत काही हलत नव्हतं, हे मला चौथ्या महिन्यापासून कळत होतं. मी मिठाची गुळणी धरून बसले. खोटं कशाला बोलू, मला ते ताट आवडायला लागलं होतं. कुणी हिडीसफिडीस करत नव्हतं, नवरा "बस, बस" म्हणायचा. तेव्हाच्या त्या खादाड, घाबरट पोरीचीही मला किळस येते. पण तिनं तोंड उघडून सांगायचं कुणाला?

सातव्या महिन्यात ओटी भरायची ठरली. पाट मांडला, हिरवं लुगडं, हिरवा चुडा, पाच सवाष्णी. तिसरीनं नारळ ओटीत घातला आणि मला मांडीखाली ओल लागली. मी उठले नाही. ओटीतले तांदूळ घट्ट धरून बसले, जसं काही त्यांनी ती ओल थांबणार होती. पाटावरून रक्त जमिनीवर आलं तेव्हा एकीनं किंकाळी फोडली. पोट पडलं म्हणून रडारड झाली. सुईण आली, तिनं तेलाच्या हातानं पोट चाचपलं आणि हात पदराला पुसत म्हणाली, "हितं काय पन न्हाय गो. कवा नव्हतंच. निस्ती चरबी हाय."

रडणं तोंडात मारल्यासारखं थांबलं. आपण बोटं चुकीची मोजली, हे सासूला कबूल करायचं नव्हतं. तिनं मला चोर ठरवलं. "हिनं सात म्हयने इटाळ लपवला! खोपट्यात बसाया नुको म्हनून जाल्यांवर बसली!" त्या मोसमात आमचं जाळं खडकावर फाटलं होतं. तेही माझ्याच माथी आलं.

जाळ्यांवर, होडीवर गोमूत्र शिंपडलं आणि उरलेलं मला प्यायला लावलं. मग पाळी सुरळीत यावी म्हणून रोज सकाळी गाळासकट तिळाचा काढा, आणि त्यावर कोरफडीचा कडू, बुळबुळीत गर. शेंबूड गिळावा तसा तो गिळायचा. बाहेर आला तर दुसरी वाटी तयार. अंगणात उजेडाला बसवून सासू माझी हनुवटी धरायची आणि केस उपटायची. येणारीजाणारी थांबून बघायची. "अर्दी बाय, अर्दी बापई हाय," असं एक शेजारीण म्हणाली आणि माझा नवरा तिथेच जेवत होता. जेवला, हात धुतला आणि बंदरावर गेला. त्या हात धुण्याची किळस मला गोमूत्रापेक्षा जास्त आली.

दीड महिन्यानं सासूनं माझ्या आईला बोलावणं धाडलं. आई चालत आली, बरोबर माझी धाकटी बहीण. तेरा वर्षांची. अंगणात भावकीतल्या बायका बसल्या होत्या. सासू म्हणाली, "इहीनबाय, आमी हिला टाकत न्हाय. पन घरात प्वार हवं. भायरची कशाला, हिचीच भैन द्या. दोगी गोडीनं ऱ्हातील."

आई म्हणाली, "तुमी म्हनाल तसं."

मी बहिणीकडे पाहिलं. तिच्या ओठावर काळी लव दिसत होती. नारळी पुनवेला मी माहेरी गेले होते तेव्हा ती माझ्या कानाशी लागली होती, "ताय, माजं पन चार म्हयने झालं न्हाय." आणि आईनं तिलाही तेच औषध दिलं होतं. आता तिला त्याच पाटावर बसवणार, तीच वाटी तिच्या तोंडाला लावणार. मी बोलले तर माझं नांदणं संपणार होतं, आणि तिला गावात कुणी करून घेणार नव्हतं. तरी मी उभी राहिले.

"तिला पन येत न्हाय, आत्याबाय. माज्यासारखीच हाय ती."

आईनं सगळ्यांदेखत माझ्या तोंडात मारली. बहीण रडत सुटली. सासू ओरडली, "दोनी पोरी खोट्या, आनि आयला ठावं हाय!" दुपारच्या आत माझं गाठोडं बाहेर आलं. निघताना सासू म्हणाली, "ते हिरवं लुगडं ठेव, दुसरीला व्हईल." जन्मभर विटाळ विटाळ करणारी बाई, माझ्या रक्ताचं लुगडं धुऊन दुसरीला नेसवणार होती. मी ते तिच्या पायाशी टाकलं.

आम्ही तिघी वाळूवरून घरी निघालो. गाव मागे पडलं, माणूस दिसेना, तेव्हा आई म्हणाली, "मला पन असंच व्हतं. तू सात वर्सांनी झालीस. ही त्याच्यानंतर चार वर्सांनी."

मी थांबले आणि वाळूवर ओकले. पोर उशिरा होतं, पण होतं, हे तिला ठाऊक होतं. अंगणात एवढ्या बायका बसल्या होत्या, तेव्हा हे एक वाक्य तिच्या तोंडून निघालं नाही. निघालं ते खेकड्यांपुढे.

पुढे मी माशाची पाटी घेऊन रोज मुरुडच्या बाजाराला चालत जाऊ लागले. गूळ-खोबरं सुटलं, नाचणीची भाकर आणि आमटी राहिली. अंग उतरलं तशी पाळी दीड-दोन महिन्यांनी यायला लागली. मी जाळ्याच्या सुतळीला गाठी मारून माझे दिवस मीच मोजायचे. सासरी दुसरी आली. तिला मूल झालं की नाही, मी विचारलं नाही. बहिणीचं लग्न मात्र माझ्या बोलण्यानं आठ वर्षं अडलं, आणि तेवढी वर्षं ती माझ्याशी धड बोलली नाही. मग एका बिजवरानं तिला केलं. त्याच्या घरी दिवस मोजणारं कुणी नव्हतं. तिसऱ्या वर्षी तिला मुलगा झाला.

आता मी त्या मुलाकडेच असते. त्याच्या पोरीला परवा डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. पाळी लांबते, हनुवटीवर केस. बाईंनी त्याला इंग्रजी नाव सांगितलं. बीजकोशांचा आजार आहे, पुष्कळ बायकांना असतो, पोरीचा काही दोष नाही. चालायचं, वजन सांभाळायचं, दिवस लिहून ठेवायचे, लागेल तसं औषध घ्यायचं. मूल हवं तेव्हा बहुतेकींना होतं, कुणाला वेळ लागतो. मी सुतळीच्या गाठी मोजत होते तेव्हा एवढं कुणी सांगितलं असतं तर! घरी आल्यावर पोर मला विचारू लागली, "आजी, तुलापण होतं का?" तशी तिची आई लगबगीनं उठली आणि दार लावून म्हणाली, "हळू बोला, बाहेर बायका बसल्यात."

मी उठून दार उघडलं आणि ओट्यावर जाऊन मोठ्यानं म्हटलं, "होतं. माझ्या आईलापण होतं."