भिंतीवरची किटली

तुम्ही शब्बाथ पाळता ना? मग मला एवढंच सांगा, त्या दिवशी तुम्ही बसलेले असता तेव्हा तुमच्यासाठी उभं कोण असतं?

उत्तराची घाई करू नका. ख्रिस्ती माणसानं शब्बाथ दिवशी, म्हणजे विसाव्याच्या दिवशी, काम करावं की नाही, याचं उत्तर मलाही लहानपणापासून पाठ होतं. पप्पांचं देवळी गावात शिलाईचं दुकान होतं आणि त्या दुकानात कापडाइतकीच पत्रकं असायची. गिऱ्हाइकाची पॅन्ट इस्त्री करून घडी घातली की तिच्या खिशात एक पत्रक जायचं. मी अक्षरं जुळवायला शिकलो ते त्या पिवळ्या-गुलाबी कागदांवर. वर ठळक प्रश्न, खाली उत्तर, आणि अगदी शेवटी वाचकाला विनंती. मला आजही तसंच लिहिता येतं. दुसरं काही मी शिकलोच नाही.

आमच्या घरचा शब्बाथ रविवारी असायचा, पण त्याची चाहूल शनिवारी दुपारीच लागायची. पप्पा दुकान लवकर बंद करून येत. घरातल्या जुन्या पायमशीनवर ते चादर टाकत, झोपलेल्या लेकराला पांघरूण घालावं तशी. मग दारात बसून सगळ्यांच्या चपला-बूट पुसत. आई भाकरी थापत असायची, रविवारच्याही. जवसाची चटणी, मिरचीचा ठेचा, कांदा असा सगळा कोरडा बेत, कारण आमच्याकडच्या उन्हात शनिवारचं वरण रविवारी दुपारपर्यंत टिकत नाही. पाणी भरून झालेलं असायचं, शाळेचे कपडे दोरीवरून उतरलेले. आणि दिवेलागणीला पप्पा स्वयंपाकघरात जाऊन सिलिंडरचं बटण बंद करत. गॅस आला तरी आम्ही त्याला चूलच म्हणायचो. ते बटण फिरताना ‘टक्’ असा आवाज यायचा आणि त्या आवाजानं आमच्या घरात शब्बाथ सुरू व्हायचा. इतकी शांत संध्याकाळ मी पुन्हा कुठेच अनुभवली नाही.

रविवारी चूल पेटायची नाही म्हणजे नाही. गल्लीतली पोरं मला चिडवायची, “काऊन रे, तुमची चूल मेली काय आज?” मी छाती काढून सांगायचो की आमचा देव आज विश्रांती घेतो. पण पप्पांची एक अडचण होती. त्यांना सकाळी चहा लागायचा. चहा नसला की त्यांचं कपाळ ठणकायचं आणि उपासनेला जाणाऱ्या माणसाच्या तोंडावर असू नये असं काहीतरी त्यांच्या तोंडावर यायचं. पहिल्यांदा हे कधी घडलं मला आठवत नाही, पण माझ्या आठवणीतल्या प्रत्येक रविवारी सकाळी आमच्या आणि शेजारच्या अंगणामधल्या भिंतीवर चमच्यानं टण् टण् असं वाजायचं. पलीकडे पुष्पामावशी उभ्या असायच्या. घर बौद्धांचं, त्यांच्याकडची वंदना ऐकतच आम्ही रोज उठायचो. त्यांच्या हातात पोचा पडलेली ॲल्युमिनियमची किटली.

“ओ टेलरभाऊ, घ्या! आमच्या चुलीचा आहे. तुमच्या देवाले सांगजा, तो काई नाई म्हनत.”

“पुष्पाबाई, तुम्ही मले नरकात धाडान एक दिवस.”

“तं तिथं चहा भेटते का नाई, ते पाहून सांगजा!”

पप्पा हसत किटली घेत. चूल दुसऱ्याची, विस्तव दुसऱ्याचा, आपण मागितलंही नाही, म्हणून आज्ञा मोडत नाही, असा त्यांनी मनाशी निवाडा केला होता. त्या चहाला ते भिंतीवरचा मान्ना म्हणत. रानात इस्राएल लोकांसाठी आकाशातून अन्न पडलं, तसा आमच्यासाठी भिंतीवरून चहा उतरतो. आम्ही डोळे मिटून आभार मानायचो आणि मग एसटीनं वर्ध्याला उपासनेला जायचो. त्या चहाचा, आल्याचा आणि इस्त्रीच्या कपड्यांचा एकत्र वास म्हणजे माझ्यासाठी रविवार.

पुढे पप्पा गेले. त्यांच्या मागोमाग पुष्पामावशीही गेल्या. किटली यायची थांबली. मी नोकरीसाठी वर्ध्याजवळ सिंदी मेघेला खोली घेतली, आई देवळीतच राहिली. पत्रकं छापायचं सोडून मोबाईलवर लिहू लागलो आणि चर्चच्या मंडळीतली तरुण मुलं ती एकमेकांना पाठवू लागली. मागच्या उन्हाळ्यात मी एक फार कडक पत्रक लिहिलं. शब्बाथी चूल पेटवणाऱ्या घरांना उद्देशून होतं. विश्वासात सवलत मागणारा माणूस उद्या प्रभूलाच सवलतीत विकेल, असं त्यात एक वाक्य होतं. ते वाक्य लोकांना फार आवडलं होतं. मलाही.

या हिवाळ्यात आईला न्यूमोनिया झाला. वर्ध्याच्या दवाखान्यातून शनिवारी तिला देवळीच्या घरी आणलं, तेव्हा रिक्षातून उतरवताना ती मला एखाद्या कापडाच्या घडीसारखी हलकी लागली. डॉक्टरांनी बजावलं होतं की औषधांपेक्षा आता पोटात काय जातं ते महत्त्वाचं. गरम, पातळ, थोडं थोडं देत राहा, नाही जमलं तर उद्याच परत आणा. संध्याकाळी तिनं दोन घोट घेतले आणि मान फिरवली. रविवारी सकाळी मी पातेल्यात तांदूळ घेतले आणि सिलिंडरच्या बटणाला हात लावला. तेवढ्यात आतून आवाज आला.

“काय करून राह्यला?”

“पेज टाकतो, आई.”

“आज ऐतवार आहे.”

मला वाटलं, हे सोपं आहे. सगळी उत्तरं माझ्याकडे होती. मी तिच्या खाटेपाशी बसलो. विहिरीत पडलेला बैल शब्बाथी बाहेर काढतातच, हे सांगितलं. प्रभूनं शब्बाथ दिवशीच आजाऱ्यांना बरं केलं, हे सांगितलं. दयेचं काम आणि पोटाचं काम यांतला फरक सांगितला. आई डोळे मिटून ऐकत होती.

“मी काय बैल आहो काय, विहिरीत पडलेला?”

मी हसलो. ती हसली नाही.

“तूच तं लिहिलं. मंडळीतल्या बाया येऊन येऊन मले वाचून दाखवत. मायीपुरती सूट देतं काय आता?” तिला दम लागला. मग फार हळू म्हणाली, “तुझे पप्पा गेल्यापासून मी एकही ऐतवार चूल पेटवली नाई, बाबू. तेवढंच राह्यलं त्यायचं माह्याजवळ.”

तिच्या मनाविरुद्ध मी पेज शिजवली असती, पण तिनं तोंड उघडलं नसतं. मी तिच्याच पोटचा आहे, मला ते माहीत होतं. शनिवारची भाकर थंड दुधात कुस्करून भरवायचा प्रयत्न केला. तिला ठसका लागला आणि तो थांबेना. थांबला तेव्हा तिची बोटं गार पडली होती. मी मागच्या अंगणात येऊन पायरीवर बसलो. माझी प्रार्थना नेहमी लांब असते, तिला सुरुवात असते, वचनं असतात. त्या दिवशी मी एवढंच म्हणालो: प्रभू, लिहायचं काय ते मला नेहमी कळलं, आज करायचं काय ते कळत नाही. माझ्याकडे काहीच नाही. तू बघ.

तेव्हा भिंतीवर टण् टण् वाजलं.

मला वाटलं, आठवणच वाजली. वर पाहिलं तर पलीकडे वैशाली वहिनी उभ्या होत्या, पुष्पामावशींच्या सूनबाई. आणि भिंतीवर तीच, पोचा पडलेली किटली. झाकण उचललं तर आत चहा नव्हता. जिरं घातलेली, वाफाळती भाताची पेज होती.

“सकाळी माळ्यावरचे भांडे काढले, तं हे हाताले लागली,” वहिनी म्हणाल्या. “सासूबाईची आठवण आली. मंग वाटलं, काकू दवाखान्यातून आल्या, त्याइले चहा कायले? पेज देऊ.”

इतक्या वर्षांत त्यांनी भिंतीवरून कधी काही दिलं नव्हतं. आमचं बोलणं त्यांना ऐकू जाणं शक्य नव्हतं, आई कुजबुजत होती. मी याचा अर्थ लावत बसणार नाही. किटली आली, मी ती दोन्ही हातांनी घेतली, एवढं मी सांगू शकतो.

आईनं किटली पाहिली. “पुष्पाबाईकडची?” असं विचारलं आणि तोंड उघडलं. एक वाटी संपली. तिनं दुसरी मागितली. वहिनी पुढच्या दारानं तिला पाहायला आल्या आणि चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

“बस ना वं,” आई म्हणाली.

“नाई काकू, धुणं पडलं आहे, दळण आहे. ऐतवारच तं भेटते एक.” वहिनी होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला जातात. पुष्पामावशीही आधी तिथंच जायच्या. “सासूबाईले बी ऐतवारचीच सुट्टी राहे.”

मी विचारलं, “मावशींना पण रविवारीच?”

“मंग! सहा दिवस पोरायच्या पोळ्या, अन सातव्या दिवशी टेलरभाऊचा चहा!” वहिनी हसल्या. “मी म्हनो, सुट्टीच्या दिवशी तरी उशिरा उठा. तं म्हनत, त्याइच्या देवानं त्याइले बसाले सांगतलं, आपल्याले कोनी सांगतलंच नाई.”

त्या हे विनोदानं सांगत होत्या. माझ्या मात्र कानात ते वाक्य वाजत राहिलं. चौथी आज्ञा मला झोपेतही म्हणता येते. तू काम करू नकोस, एवढ्यावर ती थांबत नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरं आणि तुझ्या वेशीच्या आतला परका, यांनाही त्या दिवशी विसावा मिळाला पाहिजे असं ती सांगते. लहानपणी ती पाठ म्हणताना आम्ही भावंडं ‘गुरं’ शब्दावर खिदळायचो, आणि पुढचा ‘परका’ त्या हसण्यातच निघून जायचा. तो कायमचाच निघून गेला. आमच्या उपासनेच्या एसटीचा कंडक्टर त्या दिवशी कोणासाठी राबत होता, शनिवारी आई दुप्पट का राबत होती, आणि जिला आठवड्यातून एकदाच उशिरा उठायला मिळालं असतं ती बाई आमच्या देवासाठी पहाटे दूध का तापवत होती, हे आम्ही कधी विचारलं नाही. मान्ना आकाशातून पडतो असंच वाटत राहिलं. तो कोणीतरी उकळत होतं.

आईनं चौकटीतल्या वहिनींकडे पाहिलं. मग म्हणाली, “बाबू, चूल पेटव.”

“आई?”

“चहा टाक. इले बसव.”

“आई, आज ऐतवार...”

“म्हून तं.”

मी स्वयंपाकघरात गेलो. बटण फिरवलं. टक्. तोच आवाज, ज्यानं आमच्या घरात इतकी वर्षं शब्बाथ सुरू व्हायचा. त्या सकाळीही त्यानं शब्बाथच सुरू झाला, असं मला वाटतं. आणि पप्पा असते तर त्यांनाही तसंच वाटलं असतं, यावर माझा विश्वास आहे. आत वहिनी म्हणत होत्या, “काकू, मी काय पाहुनी आहो?” आणि आई म्हणत होती, “गप बस.” त्या आधी खाटेच्या काठावर टेकल्या, मग नीट बसल्या, मग पाय वर घेतले. मी कप हातात दिला.

“भाऊजी, हा चहा आहे का पाक?” एक घोट घेऊन त्यांनी विचारलं. पण कप सोडला नाही. “असू द्या. हातात आयता चहा कधीचा नाई भेटला.” आई ऐकता ऐकता झोपी गेली. तिचा श्वास संथ चालला होता.

आई आता बरी आहे, अंगणात फिरते. कोणी म्हणेल, योगायोग. मी वाद घालत नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना कळेल की माझ्यासाठी हीच केवढी गोष्ट आहे. पण एक स्पष्ट सांगतो: शब्बाथ सोडा असं मी म्हणत नाही. दुकान बंद ठेवा, यंत्र झाकून ठेवा. आपण आजवर अर्धाच पाळला, तो पूर्ण पाळा, एवढंच म्हणतो. मला वाटायचं, शब्बाथ मी देवाला देतो. खरं तर तो मला मिळत होता, भिंतीपलीकडच्या एका थकलेल्या हातातून. माझी सगळी उत्तरं संपली आणि मी रिकामा बसलो, तेव्हा कुठे तो हात मला दिसला. त्या हातासाठी आणि तो धाडणाऱ्यासाठी मी रोज आभार मानतो.

आता पत्रकाच्या रीतीप्रमाणे विनंती. येत्या रविवारी उपासनेला निघण्याआधी घरात आणि भिंतीपलीकडे नीट पाहा. तुम्ही बसावं म्हणून जे माणूस उभं आहे, त्याला शोधा. चहा स्वतः करा, गोड झाला तर होऊ द्या. मग भिंतीवर चमचा वाजवा, त्याला आत बोलवा, आणि ते टेकेपर्यंत तुम्ही बसू नका.