वेंडेलची चिखलपट्टी

नेब्रास्कातल्या प्लम क्रीक गावच्या कॉलेजकडून वेंडेल ह्रुस्का चार वर्षं बेसबॉल खेळला. अंगात जोर बेताचा, पाय त्याहून बेताचे. पण बंट मारावा तर वेंडेलनंच! चेंडूला बॅट नुसती टेकवायची, चेंडू रेघेच्या आत पायाशी लोळत ठेवायचा आणि पळत सुटायचं. तेवढ्यावर व्यावसायिक संघात कोण घेणार? कोणी घेतलं नाही. वेंडेलनं दोन दिवस तोंड पाडलं आणि तिसऱ्या दिवशी त्याच मैदानाची देखभाल पत्करली. गवत, माती, चुन्याच्या रेघा, सगळं त्याच्याकडे. गडी खूश होता.

मैदान आपल्या संघाला सोयीचं करून ठेवणं हाही तिथला रिवाजच. पाहुणे बंट मारणारे असले, की वेंडेल फलंदाजापुढची माती पाण्यानं भिजवून ठेवी. चेंडू तिथंच रुतून बसे आणि फलंदाजामागच्या खेळाडूला आयता सापडे. शिवाय रेघेला बाहेरच्या बाजूला जरासा उतार देई, म्हणजे चेंडू आपसूक बाहेर आणि फटका वाया.

अशी बरीच वर्षं गेली आणि एकदा बाद फेरीत समोर आला तो वेंडेलचा मुलगा कर्टिसचा संघ. प्लम क्रीकचा कोच गस टॉलेफ्सन हा वेंडेलचा जुना जोडीदार. त्यानंच कर्टिसला ‘पाय जड आहेत’ म्हणून नाकारलं होतं, म्हणून पोरगा शेजारच्या कॉलेजात गेला. कर्टिसचं शिक्षणाचं शेवटचं वर्ष. हरला की खेळणं कायमचं संपलं.

“पाणी जरा बेतानं मार,” लोरेटा नवऱ्याला म्हणाली. “बंट सोडून त्याला येतंय काय? तूच तर शिकवलंस, दुसरं काही शिकवायचं सुचलं नाही.”

“पगार कुणाचा खातो मी?”

“खा हो, पगारच खा! आज स्वयंपाक नाही.”

वेंडेलनं नळी धरली आणि रोजच्याइतकंच पाणी मारलं. उतारही दिला. हात चालत होते, पण जीव रडकुंडीला आला होता.

कर्टिसचा पहिला बंट चिखलात रुतला. दुसरा गडगडत रेघेबाहेर गेला. गस खुशीत येऊन ओरडला, “वाहवा, वेंडेल!” वेंडेलला ती शाबासकी शिवीसारखी लागली.

शेवटचा डाव. बरोबरी. पाहुण्यांचा एक गडी तिसऱ्या बेसवर, बॅट कर्टिसच्या हातात. कर्टिसनं बंटसाठी बॅट आडवी धरली. गसची पोरं चेंडू उचलायला धावत पुढं आली. कर्टिसनं एकदा भिजल्या मातीकडे पाहिलं, एकदा बापाकडे, आणि गालात हसला. चेंडू आला तशी त्यानं बॅट मागे ओढली आणि सपकन फिरवली. चेंडू धावत आलेल्यांच्या डोक्यावरून मागच्या मोकळ्या गवतात! तिसऱ्या बेसवरचा गडी पळत घरच्या बेसवर पोचला, धाव झाली.

नंतर गसच्या पोरांना काही बरोबरी साधता आली नाही. कर्टिस अजून खेळणार होता. बापाची सगळी कारागिरी पोरानं पुरती ओळखली होती आणि बापाला हरल्याचा इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता. तो दोन्ही हातांनी टाळ्या पिटत होता.

“लाज वाटू दे!” गस ओरडला. “निदान आपल्या कॉलेजची टोपी तरी काढ!”

वेंडेलनं टोपी काढली आणि होती नव्हती ती ताकद लावून आकाशात भिरकावली.