इंजिनाला खोटं येत नाही

शांतवन मिस्त्री गिऱ्हाइकाला बोलू देत नसत. गाडी गॅरेजच्या दारात उभी राहिली की हात वर करून म्हणायचे, "तुमी गप ऱ्हावा. आधी तिला बोलू द्या." मग बॉनेट उघडायचे, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाशी धरायचे आणि डोळे मिटायचे. त्या अर्ध्या मिनिटात गिऱ्हाईक पुढारी असो की ऊसतोडीचा मुकादम, चुळबुळ करायची कुणाची टाप नव्हती.

काष्टीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला आलो तेव्हा माझ्याकडे तीन मालक बघून आलेली एक मोटार होती. पहिल्याच भेटीत मिस्त्री म्हणाले, "सर, पान्याचा पंप जायला लागलाय. दौंडच्या पुढं जाऊ नका." मी पडलो विज्ञानाचा माणूस, मी कशाला ऐकतोय? गेलो आणि पाटसजवळ वाफेच्या लोटात रस्त्याकडेला उभा राहिलो. टेम्पोला बांधून गाडी परत आणली तेव्हा वाटलं, आता आपली चांगली बिनपाण्याने होणार. पण मिस्त्री रागावले नाहीत. पंप खोलता खोलता म्हणाले, "मान्सं खोटं बोलत्यात, सर. इंजिनाला खोटं येत न्हाई."

हे वाक्य म्हणजे त्यांचा दुसरा देव होता. पहिल्यासाठी ते दर रविवारी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून चर्चमध्ये जायचे. त्यांच्या पत्नी मार्थाबाई म्हणायच्या, "पाळक उपदेश करत्यात आन् ह्यांचं ध्यान बाहीर रस्त्यावर. मधीच मला म्हनत्यात, त्या ट्रकचा पट्टा तुटनार." आणि तो तुटायचा, हेही त्याच सांगायच्या. शाळा सुटली की माझा चहा गॅरेजमध्येच व्हायचा. अशी चौदा वर्षं गेली.

मग आमच्या शिक्षणसंस्थेच्या सचिवांनी नवी मोटार घेतली. महिन्याभरात ती एकाएकी गुरगुरू लागली. शोरूमवाले आठवडाभर गाडी अडकवून ठेवतात म्हणून सचिव ती घेऊन थेट मिस्त्रींकडे आले आणि किल्ली देऊन आपल्या कामाला निघून गेले. मी तिथेच चहा पीत होतो. मिस्त्रींनी नेहमीसारखं इंजिन ऐकलं; ते लोण्यासारखं चालत होतं. मग आत बसून दार लावलं आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तर भारदस्त घरघर. बाहेर यायचे, ऐकायचे, पुन्हा आत बसायचे. शेवटी कपाळाला हात लावून म्हणाले, "सर, ह्यो आवाज ह्या इंजिनाचा न्हाईच. दुसरीकडनंच कुठनं तरी येतोय."

अगदी हेच शब्द. मी स्वतः ऐकले.

दुसरीकडनं म्हणजे गिअरबॉक्समधून, असं त्यांनी धरलं. दुसरं काय धरणार? दोन दिवस गाडीखाली पाठ टेकून त्यांनी गिअरबॉक्स उतरवला, तपासला, पुन्हा चढवला. घरघर होती तशीच. तिसऱ्या दिवशी सचिवांनी शोरूमचा माणूस बोलावून घेतला. बाजारचा दिवस होता, बघायला पंचवीस-तीस माणसं जमली. त्या माणसाने आत बसून एक बटण फिरवलं आणि घरघर थांबली. "हा आवाज इंजिनाचा नाहीच," तो म्हणाला. "स्पोर्ट मोड चुकून चालू राहिलाय. त्यात स्पीकरमधून आवाज सोडतात. चालवणाऱ्याला जोर वाटावा म्हणून कंपनीच देते."

सचिव पोट धरून हसले. "मिस्त्री, अहो, तुम्ही रेडिओ दुरुस्त करत होता!" सगळा बाजार हसला. मीही हसलो. शोरूमवाल्याने सांगितलं ते मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हे त्या गर्दीत फक्त मला ठाऊक होतं. एक वाक्य बोलायचं होतं. पण मी सचिवांच्या तोंडाकडे बघितलं आणि गप्प राहिलो. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी शोरूमवाल्याला विचारलं, "कंपनीच देती? मुद्दाम?"

त्या दिवसापासून त्यांचं बिनसलं. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावायचे, काढायचे, पुन्हा लावायचे, आणि म्हणायचे, "मला सांगता येत न्हाई. मशीन लावून घ्या." चहाच्या टपरीवरची पोरंटोरंही विचारू लागली, "मिस्त्री, स्पीकर बघितला का?" हळूहळू गाड्या येईनाशा झाल्या. एकदा माझीच गाडी त्यांच्यापुढे धडधडत होती. बेअरिंग गेलंय हे मलाही कळत होतं आणि हा माणूस हात चोळत उभा होता. मला रडू आलं.

एका दुपारी ते घरी आले. "सर, मला नगरला कानाच्या डॉक्टरकडं न्या."

डॉक्टरांनी यंत्रं लावून तपासलं आणि म्हणाले, "या वयात इतके चांगले कान मी बघितले नाहीत." मिस्त्रींचा चेहरा पडला. "परत एकदा बघा की, सायेब," ते अक्षरशः गयावया करत होते. डॉक्टरांनी परत बघितलं. कान उत्तम होते.

दवाखान्याच्या पायरीवर ते बसकण मारून बसले. "कान गेलं असतं तर बरं हुतं, सर. म्हातारा झाला, कान गेलं, म्हनली असती लोकं. आता काय गेलंय म्हनू मी?"

तेव्हा मला राहवलं नाही. म्हणालो, "मिस्त्री, तुमचं काही गेलेलं नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणाला होता, आवाज या इंजिनाचा नाही. तुमचंच बरोबर होतं."

ते म्हणाले, "ह्ये त्या दिशी म्हनायचं हुतं, सर. तवा लोकं हुती."

त्यानंतर त्यांनी गॅरेज उघडलं नाही. चार महिन्यांत गेले. झोपेतच गेले, दुखणं असं काही नव्हतंच.

चर्चमध्ये उपासनेला गाव लोटलं होतं. दारातच मार्थाबाईंनी माझा हात धरला. "ह्यांनी मला सांगितलंय समदं. आज तेवढं बोला, सर. लोकं हायेत."

पाळकांनी दोन शब्दांसाठी माझं नाव घेतलं. मी उठलो. वाक्य घरून ठरवूनच आणलं होतं. पहिल्या बाकावर सचिव हार घेऊन बसले होते. माझी निवृत्तीची फाईल त्यांच्या सहीसाठी पडून होती.

"मिस्त्री फार प्रेमळ माणूस होते," मी म्हणालो आणि खाली बसलो. मार्थाबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांना वाटलं, मी अजून बोलणार आहे.