आधी दारू सोडा, मग या

माझ्या थोरल्या भावावर अन्याय झाला तो गेल्या वर्षी खंडेनवमीला, सकाळी साडेनऊ वाजता, शहराबाहेरच्या एका व्यसनमुक्ती केंद्राच्या ऑफिसात. करणारे तिघे होते. केंद्राचा सुपरवायझर, माझी आई आणि मी.

सुपरवायझरनं दादाच्या शर्टाच्या खिशातून अर्धी संपलेली गोळ्यांची पट्टी काढली.

"हे काय?"

"माझ्या आवाजाची गोळी हाय," दादा म्हणाला.

"इथं गोळी चालत नाही, भाऊ. एक नशा सोडायची आणि दुसरी धरायची, हे धंदे गेटच्या बाहेर." आणि त्यानं भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर पत्रक चिकटवलेलं होतं. लाल अक्षरांत: गोळी असो की बाटली, नशा ती नशा! ते वाक्य माझं. आमच्या दारूबंदीच्या गटात पत्रकं मी लिहिते. नाशिकमध्ये पोरं नशेसाठी ज्या कुत्ता गोळीच्या नादी लागतात तिच्याविरुद्ध ते लिहिलं होतं आणि मला त्याचा फार अभिमान होता. पत्रक हातात पडल्यावर माणूस दोन ओळींत थांबला पाहिजे, 'पण', 'परंतु' लिहीत बसायचं नाही, असं मला शिकवलं होतं. मी शिकले होते.

दादानं ते वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. "तूच लिवलंय ना हे? मग तूच सांग ना त्यांना. ही ती गोळी नाय."

मी म्हणाले, "दादा, इथले नियम पाळ. तुझ्याच भल्याचं आहे."

पट्टी कचऱ्याच्या डब्यात गेली. आई बाहेर येऊन पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आता सुधरंल." मी हो म्हणाले.

घाई का होती तेही सांगते. आमची मखमलाबादकडे फुलशेती. दसऱ्याच्या आधीचे चार दिवस म्हणजे आमची वर्षाची कमाई. झेंडूचा तोडा पहाटे सुरू करून ऊन चढायच्या आत क्रेट बाजारात पोचवायचे असतात. आणि ऐन त्या तोड्यात, घरातलं सगळ्यांत पटापट फूल खुडणारं माणूस पाण्याच्या मोटारीला गोधडी गुंडाळून बसलं होतं.

विहिरीवरची मोटार चालू झाली की तिच्या घरघरीत दादाला एक माणूस बोलताना ऐकू यायचा. तीन वर्षांपासून. तो माणूस दादाला शिव्या घालायचा, कुणाकुणावर विश्वास ठेवायचा नाही ते सांगायचा. दादा प्यायला की आवाज लांब जायचा. तो दारूकडे गेला तो असा, मजेखातर नव्हे. हे आज इतकं सरळ लिहिता येतंय. तेव्हा आम्ही उलटं समजत होतो: पितो म्हणून भास होतात, दारू सुटली की भास सुटतील.

त्या दिवशी त्यानं गोधडी गुंडाळली, वरून पोती बांधली, आणि तापून मोटार जळाली. आई किंचाळली, "ढोसून आला अन् मोटार घालवली मेल्यानं!" मी धावत गेले, त्याचं तोंड धरलं, वास घेतला. वास नव्हता. चार वर्षं दारुड्यांच्या दारात उभं राहणारी मी, मला वास नाही म्हणजे काय ते कळायला हवं होतं. तो शुद्धीत होता, आणि शुद्धीत असताना घाबरला होता. मी आईला म्हणाले, "वास येत नाही असली पितो हल्ली."

दुसऱ्या दिवशी मोटारवाल्यानं मोटार बसवून दिली. खंडेनवमीला विळे, कात्र्या, फवारणीचा पंप सगळं धुऊन मांडलं, मोटारीला आमच्याच झेंडूची माळ घातली, आणि नऊ वाजता दादाला पिकअपमध्ये बसवला. खरं बोलायचं तर तो आम्हाला उरलेल्या दोन दिवसांपुरता नजरेआड हवा होता.

ती गोळी त्याला मिळाली होती एका दवाखान्यात. मीच नेलं होतं, त्याच वर्षी, आवाजाचं आम्हाला पहिल्यांदा कळलं तेव्हा. गोळीनं फरकही पडत होता. पण तिसऱ्या खेपेला तोंडाला वास आला, आणि खिडकीतून केसपेपर परत आला. "आधी दारू सोडा, मग या." केसपेपरवर तसं लिहिलंही होतं. तेव्हा मला ते बरोबरच वाटलं. कडक शिस्त मला तशीही आवडते. उरलेल्या गोळ्या दादा पुरवून पुरवून, एक दिवसाआड खात राहिला. खिशात होती ती त्याची शेवटची पट्टी.

वसुबारसेला दुपारी केंद्रातून फोन आला.

"ताई, तुमचा पेशंट घेऊन जा. जेवत नाही. ताटात विष आहे म्हणतो. बाकीच्यांना पण ताटावरनं उठवलंय त्यानं."

"अहो, तुम्ही नव्वद दिवस म्हणाला होतात."

"आम्ही दारूचं बघतो, ताई. हे डोक्याचं आहे. आधी डोक्याचा इलाज करा, मग दारूचं बघू."

दादा गेटवर उभा होता, गालफडं बसलेली, शर्ट दुसऱ्याच कुणाचा. मला बघून म्हणाला, "झालं का गं तुझ्या नियमाचं समाधान?" आणि रिक्षात माझ्या शेजारी न बसता पुढं ड्रायव्हरजवळ टेकला. वाटेत मी त्याला बिस्किटाचा पुडा दिला. त्यानं तो उलटासुलटा करून बघितला, चिकटवलेली कड तपासली, मग स्वतः फोडला.

घरी न जाता मी त्याला तसाच त्या दवाखान्यात नेला आणि आईलाही तिथंच बोलावून घेतलं. खिडकीवरच्या बाईंनी जुना केसपेपर बघितला. "दारू सुटली का?"

"अठरा दिवस झाले."

"तीन महिने व्हायला पाहिजेत. नाहीतर व्यसनमुक्तीत टाका."

"तिथूनच हाकललाय. डोक्याचा आहे म्हणून."

"मग आम्ही काय करणार?"

मी जिथं ओरडते तिथं माणसं गोळा होतात, ही माझी एक कमाई. पण त्या दिवशी ओरडले नाही. फाइलमधून केंद्रानं त्याला सोडताना दिलेला कागद काढला, त्यांच्या केसपेपराशेजारी ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही म्हणता आधी दारू, ते म्हणतात आधी डोकं. माणूस एकच आहे, तो बघा बाकावर बसलाय. तुम्ही उपचार नाकारताय एवढंच लिहून द्या. सही, शिक्का, तारीख. मी लगेच जाते."

बाईंनी कागद माझ्याकडे सरकवला. "लिहून कशाला देऊ मी?"

"मग डॉक्टरांना विचारून या."

त्या उठल्या. पाच मिनिटांनी आम्हाला आत बोलावलं.

आत एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी दोन्ही कागद वाचले आणि कपाळाला हात लावला. "आधी-मग असं काही नसतं हो. आवाजासाठी पितात, पिण्यानं आवाज वाढतो. एक धरून दुसरं सोडलं तर दोन्ही उलटतं. दोन्ही एकाच वेळी, एकाच फाइलमध्ये बघायचं." मग माझ्याकडे न बघता दादाला विचारलं, "दादा, जेवण का सोडलंत?"

"ताटात कायतरी घालत्यात."

"कोण?"

"केंद्रात घालत्यात. घरी पण घालायचे. त्यो सांगतो मला."

हे आमच्या घरात जुनं होतं. पावसाळ्यात एकदा त्यानं ताट सरकवून विचारलं होतं, "आई, डाळीत काय घातलंस?" आईनं भिंतीवरच्या सप्तशृंगीच्या फोटोला हात लावून शपथ घेतली होती, काही नाही म्हणून. आणि मी त्याला म्हणाले होते, "दारूनं डोकं फिरलंय तुझं. आईवर संशय घेतोस?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "घरी कुणी काही देत होतं का? दारू सुटायची पावडर वगैरे? न सांगता?"

मी नाही म्हणणार तेवढ्यात आईनं पदर तोंडाला लावला.

"आखाजीपासून," ती म्हणाली, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून. "पुडी हाय. भिंतीवर लिवलेलं असतं ना, न सांगता दारू सोडवा. डाळीत टाकायची. सांगितलं तर गुण येत नाय म्हनले."

दादा आईकडे बघत होता. मला वाटलं उठेल, काहीतरी फेकेल. तो हसला. खूप दिवसांनी हसला.

"म्हंजे त्यो खरं सांगत हुता."

एवढंच वाक्य. पण मला त्याचा अर्थ कळला. आवाज त्याला सांगत होता, तुझ्या ताटात घालतायत. आम्ही शपथेवर सांगत होतो, नाही. आणि आवाज बरोबर निघाला. आता तो आमच्या हातची गोळी कशी घेणार? कुणाच्याही हातची?

आई रडत होती. "लेकरा, गडावरच्या आईची खोटी शपथ घेतली रे मी. तुझ्यासाठीच."

"तुझी डाळ म्हणूनच कडू लागायची," दादा म्हणाला. "मी म्हनलं, म्हातारी मेथ्या जास्त टाकती."

आई रडता रडता चिडली. "मेथ्या! इतकी वर्सं खातोयस, मेथ्या कळत नायत?"

डॉक्टरबाईंनी पुडीचा रिकामा कागद आणायला सांगितलं. त्यात काय होतं हे कुणालाच माहीत नाही, त्या म्हणाल्या. यातली काही औषधं माणसाला न सांगता दिली आणि वर दारू पडली तर जिवावर बेततं. मग आईला म्हणाल्या, "आजपासून त्यांना न सांगता काहीही द्यायचं नाही. मीठसुद्धा." आणि दादाला एकेक करून सगळं सांगितलं. आवाजाची गोळी रोज. ती नको असेल तर महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन असतं. दारूची ओढ कमी करायला वेगळी औषधं आहेत, तपासण्या करून ठरवू. हातपाय थरथरले, झटका आला, तर घरी बसायचं नाही, दारू एकदम बंद करताना ते धोक्याचं असतं, लगेच भरती. आठवड्यातून एकदा समुपदेशन, एकदा घरच्यांनाही घेऊन. दारू सोडलेल्यांचा गट भरतो, तिथं बसायचं.

"अन् प्यायलो तर?" दादानं विचारलं.

"तर पिऊन या. पण या."

दादा म्हणाला, "इंजेक्शन नको. गोळी. पण पट्टी माझ्याकडं ऱ्हाईल. ह्या दोघी हात लावणार नायत."

"नाही लावणार," मी म्हणाले.

"तुझं नियमबियम ऐकून झालंय माझं. त्यांना लिहून दे." त्यानं टेबलावरचं पेन माझ्याकडे सरकवलं.

मी केसपेपरच्या मागे लिहिलं: गोळ्यांना आम्ही हात लावणार नाही. आईनं अंगठ्याऐवजी सही केली, तिला सही येते, पण वेळ लागतो. दादा ती संपेपर्यंत बघत होता. मग त्यानं तिथं मिळालेली नवी पट्टी स्वतः फोडली, गोळी वास घेऊन बघितली, आणि नळावरचं पाणी स्वतः भरून घेऊन गिळली.

तो लगेच बरा झाला असं लिहायला मला आवडलं असतं. संक्रांतीच्या सुमारास तो पुन्हा प्यायला, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तोंडाला वास असतानाच मी त्याला नेला. खिडकीवरच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि केसपेपर आत पाठवला. मोटारीतला माणूस अजून कधीकधी बोलतो. दादा म्हणतो, लांबून बोलतो, शेजारच्या वावरातून बोलल्यासारखा. जेवायला बसला की अजूनही स्वतः वाढून घेतो. आईला ते लागतं. लागू दे.

यंदा खंडेनवमीला मोटारीला माळ त्यानंच घातली. घालून झाल्यावर तिला एक चापट मारली, आणि तोड्याला गेला.

मी त्या दिवशी केंद्रात गेले, पिशवीत उलथनं घेऊन. सुपरवायझर वाईट माणूस नाही. तो स्वतः पंधरा वर्षं प्यायलेला.

"ताई, मी सुटलो ना गोळीशिवाय?"

"तुम्हाला आवाज येत होते का?"

"नाही."

"मग तुमचं तुमच्यापुरतं."

"पण वाक्य तुमचंच आहे."

"म्हणूनच मी काढतेय." उलथन्यानं पत्रक खरवडायला अर्धा तास लागला. खळ मीच लावली होती, पक्की. 'गोळी असो' निघालं, 'नशा' शेवटपर्यंत निघेना. मग तो ओलं फडकं घेऊन आला. मी विचारलं, पुढच्या वेळी कुणाच्या खिशात पट्टी सापडली तर काय कराल? तो म्हणाला, "डॉक्टरला फोन करतो." मी म्हणाले, तेही लिहून द्या. त्यानं कुरकुर करत लिहून दिलं. आता भिंतीवर ते लावलंय.

मानसिक आरोग्याच्या कायद्यात दारू आणि ड्रग्जशी जोडलेले मनाचे आजारही धरलेले आहेत. म्हणजे 'आधी हे, मग ते' हा कुठल्याही खिडकीवरच्या माणसाचा स्वतःचा शोध आहे आणि त्यात माणसं मरतात.

तर आता तुम्ही. होय, तुम्हीच. तुमच्या घरात पिणारं माणूस असेल आणि डब्यामागं पुडी लपवली असेल, तर ती आज काढा आणि त्याच्यासमोर ठेवून कबूल करा. मग त्याला विचारा की प्यायला नसतोस तेव्हा काय होतं, आणि उत्तर मध्ये न बोलता ऐका. त्याला घेऊन जा, वास येत असला तरी. खिडकीवर एकच विचारा: दोन्ही एकत्र बघता का? 'आधी सोडा, मग या' म्हणाले, तर हलू नका. कागद पुढं सरकवा आणि सांगा, लिहून द्या.