त्यांनी न म्हटलेलं वाक्य

आमच्या चर्चच्या पंच कमिटीचा मी चिटणीस. नोकरी विमा कार्यालयात आणि शिक्षण वाणिज्य शाखेचं, त्यामुळे तक्ते आखण्यात माझा हात कोणी धरत नाही. रविवारच्या उपासनेत शास्त्रवाचन कोणी करायचं, याचा तक्ता दर तीन महिन्यांनी मीच तयार करतो. अकरा वर्षं त्यात डोकं चालवायची वेळच येत नव्हती. जवळजवळ प्रत्येक रविवारपुढे एकच नाव असे. सगळी मंडळी त्यांना काका म्हणते, मीही तेच म्हणतो.

काकांनी एका छापखान्यात छत्तीस वर्षं वाचण्याची नोकरी केली. त्यांनी मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं आणि समोरच्या मुद्रितशोधकाने ते छापील प्रतीशी ताडून पाहायचं. कोर्टाच्या नोटिसा, पाठ्यपुस्तकं, औषधांची माहितीपत्रकं, निवडणुकीची पत्रकं, जे समोर येईल ते. स्वल्पविराम आला तर तोही उच्चारायचा. चर्चमध्ये पहिल्यांदा वाचायला उभे राहिले तेव्हा सवयीने पहिल्याच ओळीत “स्वल्पविराम” म्हणून गेले. अख्खं चर्च हसलं, पाळकसाहेबांनीही पुस्तक तोंडासमोर धरलं. पण त्यांचा आवाज स्वच्छ होता. वाचताना ते स्वतः मध्ये येत नसत. ऐकणाऱ्याला मजकूर तेवढा ऐकू येई.

काकू सहा वर्षांपूर्वी गेल्या. मूलबाळ नाही. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, लागून स्वयंपाकघर, खिडकीशी टेबल. एकदा तक्त्याची प्रत द्यायला गेलो तर काका “या” म्हणाले आणि खोकू लागले. पाणी प्यायले आणि म्हणाले, “माफ करा. मंगळवारपासून बोललोच नव्हतो. घशाला सवय राहिली नाही.” त्या दिवशी शुक्रवार होता. रविवारचं वाचन या माणसासाठी काय आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

त्याच इमारतीत तळमजल्यावर टेलर मास्तर राहत. मास्तरांचा धर्म वेगळा, ग्रंथ वेगळा. काकांचे सगळे सदरे त्यांनीच शिवलेले. “तुमचा डावा खांदा खाली आहे, देवाने तुमचं माप घाईत घेतलं,” असं ते काकांना दर वेळी सुनावत. काचबिंदूने मास्तरांची दृष्टी हळूहळू गेली. कापड हाताने ओळखता येत होतं, पण रोज सकाळी आपल्या धर्मग्रंथाचा एक अध्याय वाचण्याचा चाळीस वर्षांचा नेम मोडला. मुलाने परदेशातून बोलणारं एक यंत्र पाठवलं. त्यात कोणीतरी तोच ग्रंथ वाजंत्रीसकट वाचत असे. मास्तरांनी ते दोन दिवसांत बंद केलं. “त्याला थांब म्हटलं तर थांबत नाही. आणि नात वाचते तेव्हा वाटतं हिच्या मागे कुत्रं लागलंय.”

एकदा जिन्यात भेट झाली तेव्हा मास्तर म्हणाले, “भाऊ, तुम्ही तर आयुष्यभर लोकांचंच वाचत आलात.”

काका दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता खाली गेले. त्यानंतर रोज जात राहिले. मास्तरांसाठी तो ग्रंथ होता. काकांसाठी, माझ्या समजुतीप्रमाणे, प्रभूने सांगितलेल्या शेजारधर्माचं साधं पालन होतं, आणि आठवड्यातले आणखी सहा दिवस बोलायला माणूस होता.

दोन वर्षं याची कोणाला खबर नव्हती. मग मास्तरांच्या नातीने एका सकाळी दारातून व्हिडिओ काढला आणि ‘चर्चमधले काका आजोबांना वाचून दाखवतात’ असं लिहून सगळीकडे टाकला. काका मोठा ग्रंथ मांडीवर घेऊन वाचतायत, मास्तर डोळे मिटून ऐकतायत, मागे कपाटावर शिवणयंत्र. हजारो लोकांनी पाहिला. कोणी लिहिलं, सगळे धर्म सारखेच, हे या म्हाताऱ्याला कळलं. कोणी लिहिलं, आता बाप्तिस्मा धुऊन टाका. काकांकडे साधा फोन होता. त्यांनी व्हिडिओ पाहिलाच नाही. त्यांना तो माझ्याकडून कळला.

“सगळे धर्म सारखे असं लिहिलंय?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग त्यांना ना मास्तर कळले ना मी,” ते म्हणाले आणि पेला विसळायला उठले.

रविवारी उपासनेनंतर कमिटी बसली. काकांना बोलावलं होतं. ते भिंतीजवळच्या खुर्चीवर बसले. अडचण त्या ग्रंथाच्या एका रिवाजाची होती. त्यात प्रत्येक अध्यायाच्या शेवटी एक वाक्य येतं, ‘हे सत्य आहे, मी याला शरण आहे.’ वाचणाऱ्याने ते मोठ्याने म्हणायचं असतं. व्हिडिओ त्याआधीच तुटत होता.

“काका, शेजाऱ्याला मदत करण्यावर आमचा आक्षेप नाही,” पाळकसाहेब म्हणाले. “पण जे तोंड रविवारी इथे वाचतं, तेच तोंड सोमवारी तिथे शरण जात असेल, तर मंडळीला मी काय उत्तर देऊ?”

खजिनदारबाई म्हणाल्या, “आणि वाचायचंच होतं तर आपलं शुभवर्तमान वाचायचं. आयती संधी होती.”

“त्यांनी मला त्यांचं वाचायला बोलावलं होतं, बाई. दिसत नाही म्हणून त्यांच्या हातात भलतंच पुस्तक द्यायचं?”

“अहो, भलतंच काय म्हणता? शुभवर्तमान भलतंच?”

“फसवून दिलं तर, हो. माझ्या प्रभूला माझी लबाडी नको.”

खजिनदारबाई लाल झाल्या. मी घाईने विचारलं, “काका, एवढंच सांगा. ते शेवटचं वाक्य तुम्ही म्हणता का?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “त्याचं उत्तर इथे देता येणार नाही.”

मग काय व्हायचं राहिलं? ठराव झाला. मास्तरांकडचं वाचन थांबवावं, नाहीतर चर्चमधलं. विचाराला आठ दिवस. काका उठले आणि म्हणाले, “आठ दिवस कशाला? खाली जाणं मी सोडणार नाही.” जाण्याआधी त्यांनी खुर्ची भिंतीला नीट सरकवून ठेवली.

ठरावाचं पत्र मीच टाइप केलं. सोमवारी ऑफिसला जाण्याआधी ते द्यायला गेलो. तिसऱ्या मजल्यावर कुलूप होतं. सात वाजून गेले होते. मी खाली उतरलो. मास्तरांचं दार उघडंच होतं आणि काकांचा आवाज येत होता. तोच आवाज, अकरा वर्षं ऐकलेला, ना जास्त गोड, ना कोरडा. मी उंबऱ्याबाहेर थांबलो. सून कामावर गेलेली, नात झोपलेली, खोलीत दोघेच होते.

अध्याय संपत आला. शेवटच्या ओळीनंतर काका थांबले. त्यांनी ग्रंथ मिटला नाही, मान खाली घातली आणि गप्प बसले. मग मास्तरांनी हात गुडघ्यांवर ठेवले आणि ते वाक्य स्वतः म्हटलं, हळू, एकेक शब्द. म्हणून झाल्यावर म्हणाले, “झालं भाऊ. मिटा.”

जिन्यात मी काकांना गाठलं. पत्र हातातच होतं.

“काका, तुम्ही ते म्हणत नाही! पहिल्या दिवसापासून?”

“पहिल्याच दिवशी सांगितलं त्यांना. मास्तर, एवढं वाक्य मला म्हणता येणार नाही, मी दुसऱ्याला शरण आहे. ते म्हणाले, मग ते माझ्याकडे ठेवा. तुम्ही खोटं म्हटलं असतं तर मलाच चाललं नसतं.”

“हेच काल सांगायचं होतं! मी आज पाळकसाहेबांना सांगतो. पत्र फाडून टाकू.”

“नाही.” काकांनी कठड्याला धरलं. “सांगाल तर उद्या काय होईल ते डोळ्यांसमोर आणा. त्या व्हिडिओखाली कोणीतरी लिहील, बघा, आमचा माणूस त्यांचं वाक्य तोंडात घेत नाही. टाळ्या पडतील. मास्तरांच्या नातीलाही वाचता येतं, चिटणीस. त्या खोलीत मी गप्प राहतो त्यात दोघांचा मान आहे. तेच तुमच्या सभेत पुरावा म्हणून ठेवलं की मास्तरांच्या तोंडावर मारल्यासारखं होतं.”

“पण तुमचं रविवारचं...”

“ते गेलं,” ते म्हणाले. आवाज पहिल्यांदाच जरा हलला. “ते मला जड जाणार आहे. तुम्हाला खोटं कशाला सांगू? द्या ते पत्र.”

मी पत्र दिलं. कोणाला सांगणार नाही, असा शब्दही दिला. पाळकसाहेबांनी नंतर विचारलं, “काय म्हणाले?” मी म्हटलं, “पत्र घेतलं.” आता पाळकसाहेबांची बदली झाली आहे, मास्तर मुलाकडे परदेशात गेले आहेत, आणि काकांनीच परवा मला शब्दातून मोकळं केलं, म्हणून हे लिहितो आहे.

तक्त्यातून एक नाव काढलं तर बारा रविवार रिकामे झाले. कोणी पुढे येईना, म्हणून पहिल्या रविवारपुढे मी माझंच नाव घातलं. त्या दिवशी काका शेवटच्या बाकावर बसले होते. एरवी त्या बाकावर चौघं दाटीने बसतात. ते एकटेच होते. मी शेजारी जाऊन बसलो.

“वाचन कोणाचं आहे?” त्यांनी विचारलं.

“माझं.”

“मग इथे काय करताय? जा पुढे. आणि घाई करू नका.”

मी घाई केली. दोनदा अडखळलो, एक ओळ पुन्हा वाचली. शेवटी “हे प्रभूचं वचन” म्हणालो. मंडळी नेहमीसारखी एकत्र पुटपुटली, “देवाला धन्यवाद.” ते संपल्यावर मागून एकटा आवाज आला, स्वच्छ, जरा उशिरा. “देवाला धन्यवाद.” अकरा वर्षं वाचणारे तेच होते, उत्तर देणाऱ्यांबरोबर वेळ साधायची त्यांना सवय नव्हती.

कोणी मागे वळून पाहिलं नाही. मी पुस्तक मिटलं आणि माझ्या जागेवर जाऊन बसलो.